पाचवी चिमणी

(मननासाठी वाचन : लूक १२:६-७, २ शमुवेल १२:१-७)



रविवारची मिस्सा आटोपून लोक बाहेर पडतात तेव्हा धर्मगुरूला नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले जातात. त्यांतला एक लहान मुलांकडून हमखास येतो : "फादर, आमची मनी स्वर्गात गेली का?" आई मुलाला मागे ओढते आणि ओशाळून म्हणते, "परवा मेलं ना जी मांजर. तेव्हापासून पोरगं धड जेवत नाही." पण पुष्कळदा त्या आईचेही डोळे सुजलेले असतात. म्हणून आज या दुःखाविषयी थोडे बोलू या.

मांजराचे जाणे बहुधा अचानक असते. काल संध्याकाळी ताटाभोवती घोटाळणारे मांजर सकाळी पलंगाखाली जाऊन बसते, दुधाला तोंड लावत नाही आणि एक-दोन दिवसांत सारे संपते. आपल्या मंगरूळपीर परिसरात सोयाबीन-तुरीची पोती घरात आली की त्यामागे उंदीर येतात, उंदरांसाठी औषध ठेवले जाते आणि विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जातो. लहान पिल्लांना पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार होतो, तोही असाच झपाट्याने नेतो.

मग मनात टोचणी सुरू होते. 'मी आधीच डॉक्टरकडे नेले असते तर?' हे लक्षात घ्या की दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभावच आहे. आपल्याला दिसेपर्यंत आजार पुष्कळदा बळावलेला असतो. जे दिसलेच नाही त्याचा दोष स्वतःवर घेऊ नका. मात्र शिकण्यासारखे असेल ते शिकावे. उंदराचे औषध उघड्यावर ठेवू नये, मांजराला वेळेवर लस द्यावी. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये, ती त्याला विषासारखी असते. आजारी मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीजच्या बाबतीत उशीर परवडत नाही.

आता मुख्य प्रश्न. एका मांजरासाठी रडणे ख्रिस्ती माणसाला शोभते का? नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याच्याजवळ एकच कोकरी होती. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. एका श्रीमंताने ती हिसकावून पाहुण्यासाठी रांधली. हे ऐकून दावीद संतापला. 'एका कोकरीचे काय एवढे!' असे तो म्हणाला असता, तर नाथानाची गोष्ट तिथेच फुकट गेली असती. गरिबाचे त्या मुक्या जिवावरचे प्रेम खरे होते, म्हणूनच त्या गोष्टीने राजाला त्याचे स्वतःचे पाप दाखवले. योनाच्या पुस्तकाच्या शेवटीही देव निनवेतील माणसांबरोबर तिथल्या जनावरांची आठवण काढतो.

आपल्या धर्मशिकवणीचा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात याविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. आणि प्राण्यांवर प्रेम जरूर करावे, परंतु जे प्रेम माणसांना देणे लागतो ते त्यांच्याकडे वळवू नये. म्हणून रडा, पण दार लावून घेऊ नका. शेजारची एखादी म्हातारी आजी मांजर गेल्यावर दिवसभर सुन्न बसली असेल, तर तिला हसू नका. त्या घरात तिच्याशी बोलणारे दुसरे कोणी होते का, हे आधी पाहा आणि संध्याकाळी चहाला तिच्याकडे जा.

आता त्या मुलाचा प्रश्न. मनी स्वर्गात गेली का? डिसेंबर २०१४ मध्ये 'प्राण्यांना स्वर्ग मिळतो असे पोप फ्रान्सिस म्हणाले' अशी बातमी जगभर छापून आली, पण त्यांनी तसे म्हटलेले नव्हते, हे नंतर स्पष्ट झाले. मे २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात मात्र त्यांनी शिकवले की शाश्वत जीवनात प्रत्येक निर्मित जीव उजळून निघेल आणि त्याला त्याचे स्थान असेल. संत पौलही रोमकरांना लिहितो की सारी सृष्टी कण्हत मुक्तीची वाट पाहत आहे. हे कसे घडेल, ते आपल्याला सांगितलेले नाही.

परंतु प्रभू येशूने एक हिशेब सांगून ठेवला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट, भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तशी! आणि प्रभू म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. आपली मनीदेखील कोणी पैसे देऊन आणलेली नसते. ती पावसात भिजत ओसरीवर येते आणि घरचीच होते. बाजारात जिची किंमत शून्य, तिचीही नोंद पित्याजवळ आहे.

म्हणून मुलाला 'ती गावाला गेली' असे खोटे सांगू नका, ते रोज दारात वाट पाहील. मेलेले मांजर नाल्यात टाकू नका. विहिरीपासून दूर खोल खड्डा करा, मुलाला मूठभर माती टाकू द्या आणि सर्वांनी मिळून देवाचे आभार माना. मूल पुन्हा विचारील तेव्हा सांगा, "देवाने तिला घडवले. जिला त्याने घडवले, तिला तो विसरत नाही." एवढे उत्तर खरे आहे, आणि लहान मुलाला ते कळते.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या घरात थोडे दिवस राहून गेलेल्या त्या मुक्या जिवाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या रडणाऱ्या लेकरांचे सांत्वन कर, आणि एकट्या माणसांच्या दाराशी आमची पावले वळव. आमेन.