साक्षी आणि साक्षीदार

महाबळेश्वरीं लोक ‘हवा खावयास’ जातात. हा वाक्प्रचार मोठा अर्थपूर्ण आहे. हवा ही खाण्याची, म्हणजे कोणाच्या तरी वाटणीची वस्तु आहे, असें भाषेनें त्यांत नकळत मान्य केलें आहे. उन्हाळ्यांत पसरणीच्या घाटांत मोटारींची रांग लागली म्हणजे जी शुद्ध हवा खावयास निघालों तिच्यांतच आपण आपल्या धुराची भर घालीत बसतों. तेथें कोणी कोणास अपराधी म्हणत नाहीं, कारण सर्वच थोडेथोडे अपराधी असतात. आणि सर्वांचा अपराध तो कोणाचाच नव्हे, या समजुतीवर घाटांतील मोटारीपासून औष्णिक वीजकेंद्रांपर्यंत सर्वांचें आजवर निभावलें आहे.

ही समजूत यापुढें टिकणें कठीण. २९ जून २०२५ रोजीं जपानांतील तानेगाशिमा बेटावरून ‘गोसॅट-जीडब्ल्यू’ हा उपग्रह आकाशांत गेला. या मालिकेंतील पहिला उपग्रह २००९ सालचा. त्याचें नांव ‘इबुकी’, म्हणजे श्वास. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशांतील ठराविक किरण कार्बन डायऑक्साइड व मिथेन हे वायु शोषून घेतात. किती किरण हरवले यावरून वायु किती हें कळतें. नवा उपग्रह नायट्रोजन डायऑक्साइडही मोजतो, आणि नीतीच्या दृष्टीनें खरी मेख येथेंच आहे. कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ टिकून जगभर मिसळतो. १९५८ सालीं मौना लोआ पर्वतावर त्याचें मोजमाप सुरू झालें तेव्हां तो दशलक्ष भागांत सुमारें ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. पण त्यांतला कोणाचा किती, हें कसें सांगावें? नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः ज्वलनांतून निघतो व कांहीं तासांतच विरतो. म्हणून तो जेथें दाट, तेथें भट्टी जवळच. दोन्ही एकत्र पाहिले म्हणजे चोराचें पाऊल उमटतें.

वेदान्तांतील साक्षी पाहतो, पण गुंतत नाहीं. न्यायालयांतील साक्षीदार पाहिलेलें सांगतो, आणि ऐकणाऱ्यावर निकालाचा भार टाकतो. उपग्रह हा दुसऱ्या जातीचा. आम्ही मात्र त्यास पहिल्या जातीचा समजून, नकाशावरील लालभडक डागांकडे पाहून हळहळतों आणि वर्तमानपत्र मिटतों.

अर्थात् साक्षीदाराचीही उलटतपासणी हवी. ढगांखालची हवा या उपग्रहास मोजतां येत नाहीं, आणि महाबळेश्वरीं तर पावसाळाभर ढगांचाच मुक्काम. तेथें पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. ज्या ढगांनीं वरची दृष्टि अडते त्यांच्याच पोटांत बसून तेथें मेघबिंदु, आणि ते ज्यांवर धरतात ते सूक्ष्म कण, मोजले जातात.

दोहोंसही दिसत नाहीं ती गोष्ट म्हणजे गरज. एकटी चूल किंवा एकटी मोटार आकाशांतून ओळखूं येत नाहीं, त्यांची बेरीज तेवढी कळते. आणि त्या बेरजेंत कोयनेच्या खोऱ्यांतील चूल व वेण्णा तलावाकांठीं गारव्यासाठीं चालू ठेवलेलें मोटारीचें एंजिन सारखींच. चूल विझविली तर स्वयंपाक राहतो. एंजिन बंद केलें तर घाम येतो, तोही महाबळेश्वरीं बेताचाच. मात्रेप्रमाणें सरसकट दंड बसवूं पाहणारे हा भेद हिशेबांत कसा धरावा तें सांगत नाहींत. उलट चुलीची ढाल पुढें करून वीजकेंद्रांचा धूर झांकणारे वकील आमच्यांत पुष्कळ आहेत, आणि ते आम्हांस अधिक धोक्याचे वाटतात. कारण ज्या बाईच्या नांवानें ते बोलतात, तिच्याच डोळ्यांत धूर जातो, त्यांच्या नव्हे.