गमतीत म्हटलं होतं

२०२० च्या जूनमध्ये वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी भलताच संतापला होता. आयपीएलमध्ये तो सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा तेव्हा संघातले काही जण त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला 'काळू' म्हणत. सॅमीचा समज असा, की हे म्हणजे तगड्या घोड्याला म्हणतात. हाक आली की सगळे हसत, तोही हसे. ट्विटरवर एका शुभेच्छेत तर त्यानं गमतीनं स्वतःलाच ते नाव लावून घेतलं होतं. पुढे अमेरिकी विनोदवीर हसन मिन्हाजचा एक कार्यक्रम बघताना खरा अर्थ कळला, आणि ते जुनं हसणं त्याला टोचू लागलं.

आपल्याकडची प्रतिक्रिया ठरल्यासारखी होती. अहो, आमच्या घरात पिढीला एक काळू असतोच, आजी लाडानं म्हणते, यात कसला आलाय वर्णद्वेष? हे म्हणणं खोटंही नाही. पंढरीच्या देवाला काळा म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. पण त्याच घरात स्थळ बघताना 'गोरी आहे ना?' हा प्रश्न पत्रिकेच्या आधी येतो, आणि 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' जायला त्याच वर्षीचा जुलै उजाडावा लागला. लाडाचा काळू आणि 'मुलगी जरा काळीच आहे' ही कुजबुज एकाच छपराखाली नांदतात. सॅमीच्या ड्रेसिंग रूममध्ये आजी नव्हती.

माझ्या मते अशा वेळी आपला पहिला प्रश्नच चुकतो. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं, हा तो प्रश्न. मनातलं दुसऱ्या कुणाला दिसत नाही, त्यामुळे उत्तर बोलणाराच देतो आणि ते 'वाईट हेतू नव्हता' असंच असतं. बहुतेकदा खरंही असतं. एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, त्याच्या मनात आपुलकीच होती, असं सॅमीनंच नंतर सांगितलं. मानलं. तरी विचारायला हवं ते वेगळंच. 'हे नाव मला नको' असं त्याला म्हणता येत होतं का, आणि म्हटलं असतं तर ते त्याला कितीला पडलं असतं?

ज्याला अर्थच ठाऊक नाही त्याच्या हसण्याला संमती म्हणता येत नाही. ज्याला ठाऊक असतो तोही बहुधा हसतोच. मुंबईच्या कॉलेजच्या कट्ट्यावर साताऱ्याकडून आलेल्या पोराला 'घाटी' म्हणतात. हसून घ्यायचं, नाहीतर 'याला मस्करी कळत नाही' हा दुसरा शिक्का पदरात पाडून घ्यायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. तो हसतो. तिसऱ्या वर्षी तोच नव्या पोराला घाटी म्हणतो, आणि कट्ट्याची खात्री पटते की शब्दात काहीच वावगं नाही. उलट, पुणेकरांवरचे विनोद घ्या. पुणेकर ते स्वतःच पुढे पाठवतात, आणि नाही आवडले तर तसं ऐकवायला त्यांना कुणाची भीती नाही. तिथे खुशाल टर उडवावी.

कधी कधी ज्याला उद्देशून म्हटलं तो बाजूलाच राहतो आणि घाव भलतीकडे बसतो. त्याच २०२० मध्ये युवराज सिंग इन्स्टाग्रामवर रोहित शर्माशी गप्पा मारत होता. युझवेंद्र चहलची थट्टा करताना त्यानं एका जातीचं नाव शिवीसारखं वापरलं. सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या जिच्या माथी मारलं गेलं, ती जात. दोस्तांमध्ये हे खपूनही गेलं असतं. पण ते नाव ज्यांचं, ते या गप्पांत नव्हते, ऐकणाऱ्यांत होते. युवराजनं खेद व्यक्त केला, तरी हरियाणात गुन्हा नोंदला गेला, २०२१ मध्ये अटक झाली आणि जामिनावर सुटका. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या स्वरण सिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे, की जातिवाचक शब्दाचा मूळ अर्थ उगाळत बसू नका, आज लोक तो कशा अर्थानं वापरतात ते बघा. कोर्टानं शब्दकोश बाजूला ठेवला, हे मला फार पटतं.

यावर तोडगा म्हणून कुणी बंदी घालायच्या शब्दांची यादी करायला बसलं, तर मात्र माझा सक्त विरोध आहे. ती यादी सर्वांत आधी नामदेव ढसाळांना गिळेल. त्यांचा १९७२ चा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह कुठल्याच चाळणीतून खाली उतरणार नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या जमातीला इंग्रजांच्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. गावानं कपाळी मारलेला 'उचल्या' हा शिक्का त्यांनी आपल्या आत्मकथनाचं नाव म्हणून छापला, आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांनी छापला म्हणून चावडीवर बसलेल्यांना तो वापरायचा परवाना मिळत नाही. हे दुटप्पी आहे, अशी तक्रार होते. आहेच, आणि तसंच असायला हवं.

मग ठरवायचं कुणी? गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्यानं महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिननं काहीच केलं नाही म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला. सदस्य घेणं आणि काढणं यापलीकडे ॲडमिनच्या हाती फारसं नसतं, दुसऱ्याच्या बोलण्याचा गुन्हा त्याच्यावर लादता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. निकाल योग्यच आहे. पण तुरुंगाची भीती गेली म्हणून यजमानपण संपत नाही. आपल्या ग्रुपांवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी लिहितं, 'हा शब्द नको होता.' लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, 'सणासुदीला वाद नकोत' येतं, कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकून विषय बुजवतं. रात्री आक्षेप घेणारी व्यक्ती गुपचूप बाहेर पडलेली असते. शब्द वापरणारा तिथेच असतो.

तेव्हा ॲडमिन मंडळींनो, असा आक्षेप आला की त्यावर मतदान घेऊ नका. ज्यांना लागलेलं नाही त्यांचीच मतं तिथे जास्त भरणार. बोलणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचीही गरज नाही. शब्द काढायला सांगा आणि पुढच्या विषयाकडे वळा. आणि जिनं आक्षेप घेतला तिच्याकडे 'नेमकं काय लागलं?' याचा खुलासा मागू नका.