वेदीपुढे आठवलेली बहीण

शुभवर्तमानाचे वाचन संपते, आपण ठरलेला प्रतिसाद देतो आणि बाकांवर बसतो. प्रवचन चांगले झाले असेल तर बाहेर पडताना त्याची वाखाणणीही करतो. सोमवारी मात्र कालचे वाचन कोणते होते, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हा केवळ स्मरणशक्तीचा दोष नव्हे. जे वचन आपल्याला कोठे बोचतच नाही, ते लक्षात राहणार तरी कसे?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्राचे वारंवार वाचन करण्याचा आग्रह केला, आणि त्या वाचनाला प्रार्थनेची जोड हवी असेही सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, गिगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने या साधनेच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आपण बहुधा दुसऱ्या पायरीवरच अडखळतो. वचनाचा अर्थ कळला म्हणजे मनन झाले, असे आपण समजतो. परंतु आपण वचनाला प्रश्न विचारावेत एवढ्याने मनन होत नाही. वचनाने आपल्याला प्रश्न विचारावेत आणि आपण ते ऐकून घ्यावेत, तेव्हा ते सुरू होते.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील एक प्रसंग घेऊ. एक मनुष्य वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहे आणि तेथे त्याला आपल्या भावाची आठवण होते. प्रभू येशू सांगतो की अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. हे वचन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपल्यावर अन्याय करणाऱ्याला क्षमा करावी, असाच त्याचा अर्थ आम्ही घेत होतो. मूळ शब्द तसे नाहीत. भावाविरुद्ध आपल्या मनात काही आहे, असे तेथे म्हटलेलेच नाही. आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, असे म्हटले आहे. आपले दुःख आपल्याला न सांगता आठवते. दुसऱ्याचे आपल्याविषयीचे दुःख आठवायचे, तर त्यासाठी वेदीपुढे थांबावे लागते. आणखी एक गोष्ट. हे बोल गालीलात ऐकवले गेले, आणि अर्पणाची वेदी यरुशलेमेच्या मंदिरात होती. गालीलातला माणूस समेटासाठी परत फिरला, तर त्याला शंभराहून अधिक किलोमीटरची वाट पायी तुडवावी लागणार होती.

येथे आमच्या घरचीच गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले. वसईकडच्या आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राची तयारी झाली. ताई सासरहून आली. निबंधकाच्या कार्यालयात तिने कागद न वाचताच सही केली. घरी परतल्यावर चहा पिताना तिने एवढेच विचारले, “बावखलाकाठचा आंबा ठेवणार ना रे?” आम्ही हसून ‘हो’ म्हटले. तिचे मन मोठे, असे आम्ही पुढे कितीतरी वर्षे सर्वांना सांगत राहिलो.

ते मोठे होते यात शंका नाही. परंतु ‘नाही’ म्हणण्याची जेथे सोय नाही, तेथे ‘हो’ला दान म्हणता येईल काय? सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते, हे तिला ठाऊक होते आणि आम्हांलाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र नसताना ख्रिस्ती पित्याच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा तो समान मानतो. कायद्याने दिलेले आम्ही रूढीने परत घेतले, आणि त्याला प्रेम असे नाव दिले.

पवित्र शास्त्र याविषयी मौन पाळते, असेही नाही. गणना या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे आणि साऱ्या मंडळीपुढे उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. मोशे त्यांना रूढी ऐकवत नाही. तो त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेतो, आणि त्यांचे म्हणणे रास्त असल्याचा निर्वाळा मिळतो. त्या मुलींना भाऊ नव्हता म्हणून हे घडले, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मग ईयोबाच्या ग्रंथाचे शेवटचे पान पाहावे. ईयोबाला सात मुलगे होते, तरी त्याने तिन्ही मुलींना भावांच्या बरोबरीने वतन दिले. एवढेच नव्हे, तेथे मुलींची नावे नोंदवली आहेत, मुलग्यांची नाहीत. ईयोबाचे दुःख आपल्या सर्वांना माहीत आहे, पण त्याने केलेली ही वाटणी फार थोड्यांना. रविवारच्या वाचनांत हा भाग येत नाही. घरी ग्रंथ उघडून शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच तो भेटतो.

लग्नात बहिणीवर खर्च केला होता, हे उत्तर आमच्याही जिभेवर होते. मग भावांच्या शिक्षणाचा आणि लग्नांचा हिशेब कोणी मांडला? अशा प्रश्नांची वाट चुकवता येत नाही असे दिसल्यावर एके दिवशी आम्ही ताईकडे गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तेव्हा कोणी विचारले असते, तर बरे वाटले असते.” तिने वाटा मागितला नाही, आणि नकोसा आहे असेही म्हटले नाही. आता वाडीचे मोल पूर्वीचे राहिलेले नाही. आमच्या मुलांची मतेही निराळी आहेत. वाटा परत करण्याचे बोलणे घरात सुरू झाले आहे, संपलेले नाही. आंबा मात्र आहे.

रोजचे वाचन म्हणजे फार मोठे व्रत नव्हे. रात्री माळेची प्रार्थना झाली की एक परिच्छेद सावकाश वाचावा आणि कुटुंबाने थोडा वेळ शांत बसावे. या वचनाचा अर्थ काय, हे विचारण्याआधी हे वाचताना कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. तो चेहरा बहिणीचा असेल, शेजाऱ्याचा असेल, वाडीत राबणाऱ्या मजुराचा असेल. मग त्या घरची वाट धरावी. वेदीपुढे ठेवलेले अर्पण किती दिवस तेथे पडून राहिले, हे शुभवर्तमान सांगत नाही. तो मनुष्य परत येईपर्यंत प्रभू थांबतो, इतकेच त्यावरून आम्ही समजतो.