वजाबाकीनंतर उरतं ते

सहस्रकुंड धबधब्याच्या काळ्या कातळावर निवांत बसा. इस्लापूर गाव मागे राहिलं; समोर पैनगंगा, नदीपल्याड यवतमाळ जिल्हा. पाठ सरळ असू द्या, श्वास आपल्या लयीत चालू द्या.

धारेतून उडालेला एकच थेंब नजरेने धरा. तो आता कुठे आहे हे सांगायला तीन आकडे पुरतात: किती पुढे, किती बाजूला, किती उंच. हे त्याच्या स्वातंत्र्याचे तीन अंश. तोच थेंब कातळावर घरंगळू लागला की दोनच उरतात. एक कातळाने काढून घेतला. इथे जरा थांबा.

आता थेंब सोडा आणि त्याला खाली खेचणाऱ्या गुरुत्वाकर्षणाकडे वळा. आइनस्टाइनने १९१५ मध्ये ते अवकाश-काळाच्या वक्रतेत पाहिलं. त्या अवकाश-काळाची मापं लिहायला प्रत्येक बिंदूपाशी दहा राशी लागतात. त्यांतल्या चार केवळ आपण अक्ष कसे निवडतो यावर ठरतात. त्या वजा करा. आणखी चारांना समीकरणंच बांधून ठेवतात. त्याही वजा करा. उरले स्वातंत्र्याचे दोन अंश.

डोळे मिटा. धूलिकणांचं एक वर्तुळ समोर तरंगतंय आणि त्याच्या आरपार गुरुत्वीय लहर जाते आहे. वर्तुळ उभं ताणलं जातं तेव्हा आडवं आवळतं, मग याच्या उलट. हा पहिला अंश. हीच हालचाल ४५ अंशांनी तिरपी झाली की दुसरा. बास, आइनस्टाइनच्या लहरीला याहून जास्त मुभा नाही.

सिद्धांत बदलायला मात्र कुणाची मनाई नाही. १९६१ मध्ये ब्रान्स आणि डिके यांनी आइनस्टाइनच्या सिद्धांताला एक नवं क्षेत्र जोडलं आणि तिसरा अंश आला. त्यात सगळं वर्तुळ एकदम फुगतं आणि आकसतं, आत्ता तुमची छाती होते आहे तसं. हा श्वास थोडा वेळ पाहा.

गुरुत्वीय लहरीच्या कणाला, म्हणजे गुरुत्वकणाला, वस्तुमान दिलं तर अंश पाच होतात. पण इथे ढिलाई महागात पडते. बुलवेअर आणि डेसर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अशा सिद्धांतात सहावा अंशही शिरतो, आणि त्याची ऊर्जा ऋण असते. भौतिकीत त्याला भूतच म्हणतात. ते घालवायला नेमकं बंधन हवं होतं. द राम, गाबादाद्झे आणि टोली यांना ते २०१० मध्ये सापडलं.

म्हणजे सिद्धांत उभा राहतो तो स्वातंत्र्य वाढवून नव्हे, बंधनं नेमकी घालून. हा विचार मनात मुरू द्या.

आता डोळे उघडा. शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची जागा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये वेधशाळेच्या उभारणीला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांच्या लांबीत मोजायचा तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही लहान फरक. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांचे बाहू जवळपास समांतर आहेत, त्यामुळे लहरीचे अंश वेगळे ओळखणं त्या दोन्हींना स्वबळावर जड जातं. अंश दोनच आहेत की जास्त, हे ठरवायला वेगळ्या दिशांचे बाहू हवेत, आणि औंढ्याचे बाहू तसे असतील.