निसर्गाचे स्वर आणि श्रद्धावंताचे कान

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर आमच्या नाशिकच्या धर्मग्रामातील एका तरुणाने सभागृहात एक ध्वनिमुद्रण ऐकविले. बासरी, व्हायोला आणि हार्प अशा तीनच वाद्यांची ती रचना. ना शब्द, ना ठेका. ती संपल्यावर एका वृद्ध शिक्षकांनी विचारले, “फादर, यात देव कुठे आला?” आम्हांला तेव्हा उत्तर सुचले नाही.

ती रचना फ्रेंच संगीतकार क्लोद देबुसी यांची. पाणी, ढग, चांदणे यांचे हुबेहूब चित्र न काढता त्यांचा मनावर उमटणारा ठसा स्वरांत पकडायचा, ही दृक्प्रत्ययवादी रीत. याच काळातील आल्बेर रूसेल १९०९ साली भारतात आले आणि आपल्या वेरूळच्या लेण्यांतील सावल्या त्यांनी वाद्यवृंदात उतरविल्या. देबुसींनी ही रचना १९१५ साली केली. बाहेर महायुद्ध पेटलेले, शरीरात कर्करोग; तरीही पहिल्या भागाला त्यांनी नाव दिले ‘पास्तोराल’, म्हणजे गुराख्याचे गाणे. १९१८ साली ते निवर्तले.

देबुसी धर्माचरण करणारे नव्हते. निसर्ग हाच आपला धर्म, असे ते म्हणत. मग अशा माणसाचे संगीत आपल्याला प्रार्थनेकडे नेईल काय?

शलमोनाच्या ज्ञानग्रंथाचा तेरावा अध्याय येथे मार्गदर्शक ठरतो. सृष्टीच्या सौंदर्यावर लुब्ध होऊन निर्मात्यापर्यंत न पोहोचणाऱ्यांना तो चुकलेले म्हणतो. पण त्यांचा दोष थोडा, असेही सांगतो, कारण ते शोधत असतात. देबुसी ज्या उंबरठ्यावर थांबले तेथेच आपण थांबावे असे नाही. स्वर तेच राहतात. पुढचे पाऊल ऐकणाऱ्याने टाकायचे असते.

परंतु आपण तरी त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलो आहोत काय? मध्यंतरी धर्मग्रामाची सहल गंगापूर धरणाच्या काठी गेली होती. आम्ही तेथे सृष्टिकर्त्याची स्तुती गायिली, जेवलो आणि परतलो. प्लास्टिकचे पेले आणि उष्ट्या पत्रावळी काठावरच राहिल्या. आम्ही ते पाहिले होते. तरीही मुकाट्याने बसमध्ये चढलो. शहरात गोदावरीवर पाणवेल माजली की आपण महापालिकेला बोल लावतो. तो घाणीचा वाटा आपलाही असतो.

कुंभाराची तोंड भरून स्तुती करावी आणि त्याचे मडके फोडावे, याला भक्ती कोण म्हणेल? निर्मात्याचे नाव न घेता पाण्याचा आवाज जिवापाड ऐकणारा एक, आणि नाव घेऊन ते पाणी नासविणारे आपण. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीविरुद्धच्या अपराधाला पाप म्हटले, ते याचसाठी.

त्या गुरुजींना आज आम्ही एवढेच सांगू: त्या तीन वाद्यांत एकही दुसऱ्यावर चढत नाही, प्रत्येक जण दुसऱ्यासाठी जागा सोडतो. ज्याने सृष्टीसाठी आणि शेजाऱ्यासाठी अशी जागा सोडली, त्याला देव कुठे आला हे विचारावे लागत नाही. पुढच्या सहलीला आम्ही प्रार्थनापुस्तकाबरोबर एक रिकामे पोतेही नेणार आहोत.