क्षमा आधी की हिशेब आधी?



आजचं वाचन गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या पहिल्या तीन श्लोकांचं. भगवंत दैवी संपत्तीचे गुण एकामागून एक सांगतात. पूर्वी मी ही यादी घाईघाईत वाचून पुढे जायचो. या आठवड्यात मात्र थांबलो, ते एका प्रश्नामुळे.

आमच्या रविवारच्या वाचनाला एक ताई येतात. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितोय. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, मुलगी बारावीत. चार महिन्यांपूर्वी त्यांना कळलं की नवऱ्याचे दुसऱ्या एका बाईशी दोन वर्षं संबंध होते. कळलं कसं, तर हप्ता बाउन्स झाल्याचा बँकेचा मेसेज आला म्हणून. स्टेटमेंट काढलं, तर एकात एक दोन गोष्टी निघाल्या. हॉटेलांची बिलं होती, आणि शेअर बाजारात एफ अँड ओ करून बुडवलेले पैसे होते. ते भरून काढायला क्रेडिट कार्ड, कार्ड फेडायला पर्सनल लोन, आणि सगळ्यात शेवटी घराच्या कर्जावर टॉप-अप. त्या टॉप-अपवर ताईंची सही आहे. 'फर्निचरचं काम काढायचंय' असं सांगून घेतलेली.

ताई म्हणाल्या, "बाईचं कळलं त्या दिवशी खूप रडले. पण कर्जाचं कळलं तेव्हापासून झोपच गेली. कारण त्यात मीपण आहे."

हे खरंच आहे. सहकर्जदाराची जबाबदारी पूर्ण कर्जाची असते, पैसे कोणी उडवले हे बँक विचारत नाही. विवाहबाह्य संबंध हा २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आजही आहे. म्हणजे कायद्याला आपला रस्ता माहीत आहे. ताईंचा प्रश्न त्याच्या पलीकडचा होता.

नवरा आता म्हणतो, ते प्रकरण संपलं, मला माफ कर. सासूबाई म्हणतात, पोटात घाल, संसार आहे. आणि परवा नवरा म्हणाला, "रोज हरिपाठ म्हणतेस ना? मग क्षमा कुठे गेली? मागचं काय उकरतेस, खाती काय तपासतेस?"

ताईंनी मला विचारलं, "हिशेब मागितला तर माझी भक्ती खोटी का रे?"

मी काही अधिकारी माणूस नाही, दिवसभर कोड लिहिणारा आणि सकाळी पोथी उघडणारा साधा वाचक आहे. पण या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मी अगदी ठामपणे देऊ शकतो. का, ते आजच्या वाचनातच आहे.

त्या यादीचा क्रम बघा. क्षमा आहे, पण ती तिसऱ्या श्लोकात येते. सगळ्यात पहिला शब्द आहे अभय. त्याच पहिल्या श्लोकाच्या शेवटी आर्जव, म्हणजे सरळपणा, आतबाहेर एक असणं. दुसऱ्या श्लोकात सत्य. आणि मग क्षमा. हा क्रम म्हणजे पायऱ्याच आहेत असा माझा दावा नाही. पण या घराला तो लावून बघितला आणि मला खूप काही दिसलं.

नवऱ्याने लपवलं ते भीतीपोटी. पहिला तोटा झाला त्या दिवशी घरी सांगायची हिंमत झाली नाही. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचं दिसलं. म्हणजे बुडणारा तो एकटा नव्हता. तोटा होणं हे पाप नाही. पण तो झाकायला पहिलं खोटं बोललं गेलं, आणि एकदा घरात झाकायची सवय लागली की तिथे दुसरं काहीही झाकता येतं. पैशाचं लपवणं आणि बाईचं लपवणं ही मला दोन वेगळी दुखणी वाटत नाहीत. दोन्हींत जोडीदाराला अंधारात ठेवून त्याच्या आयुष्याचे निर्णय आपण घेत असतो.

आता दुसरी बाजू. ताईंना लगेच क्षमा करायला सांगितलं जातंय, तेही भीती दाखवूनच. लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न, या वयात कुठे जाणार. भीतीने केलेली क्षमा ही क्षमा नसते, ती गप्प बसणं असतं. 'पोटात घाल' म्हणणं सोपं आहे. पण काय घालायचंय हे न बघताच घातलं, तर ते पचणार कसं?

आमच्या कामात सर्व्हर पडला की नंतर एक मीटिंग होते. तिचा नियम असा की कोणावर ओरडायचं नाही, दोष द्यायचा नाही. पण दुसरा नियमही तितकाच पक्का: लॉग कोणी डिलीट करायचे नाहीत. घडलं ते सगळं टेबलावर येतं, म्हणूनच राग न धरता बोलता येतं. ताईंचा नवरा पहिला नियम मागतोय आणि दुसरा मोडतोय.

कोणी म्हणेल, पैसा तर माया, भक्ताने कशाला मोजत बसायचं? तुकोबांचंच उदाहरण देतील, की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण ती कथा पूर्ण आठवा. घरात सावकारी होती, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं उद्ध्वस्त झालेलं. परंपरा सांगते की खतं बुडवण्याआधी तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.

मला ही बारीक गोष्ट फार मोठी वाटते. ज्यांचा वैराग्यात हात धरणारा कोणी नाही, त्या तुकोबांनीसुद्धा भावाच्या वाट्याचं येणं परस्पर माफ केलं नाही. आणि वाटे करायचे म्हणजे खतं आधी बाहेर काढावी लागतात, कोणाकडून किती येणं आहे ते बघावं लागतं.

ताईंचा अपमान झाला, विश्वास तुटला, हा त्यांचा वाटा. तो बुडवायचा की नाही, आणि कधी, हे फक्त त्या ठरवतील. पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे हा मुलीचा वाटा आहे. तो माफ करायचा अधिकार ताईंनाही नाही. त्यामुळे हिशेब मागणं हा सूड नाही, ते आईचं कर्तव्य आहे. आणि कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं, ते कोणाच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबत नाही.

आणखी एक. क्षमा करणं आणि एकत्र राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. मनातून क्षमा करूनही माणूस वेगळा होऊ शकतो. आणि वर्षानुवर्षं एका छताखाली राहूनही क्षमा केलेली नसते, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

ताईंनी नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली आहे. एका कागदावर सगळी कर्जं, सगळी खाती, सगळे हप्ते लिहून दे, मग बोलू. तीन आठवडे झाले, कागद अजून आलेला नाही. ताई हरिपाठ रोज म्हणतात, आणि तो कागदही रोज मागतात.

तुमच्यापैकी अनेकांची नुकतीच लग्नं झालीत, काहींची ठरतायत. आजची साधना छोटीशी आहे. जोडीदाराला न सांगितलेला एखादा आकडा असेल, कार्डाची थकबाकी, मित्राला दिलेले उसने, शेअर्समधला तोटा, तर तो आज रात्री सांगून टाका. अभय आणि आर्जव, एका वाक्यात. ते सांगताना जीभ अडखळली, तर त्या दोघांपैकी काय कमी पडतंय ते आपलं आपल्याला कळेल.

पांडुरंग सगळ्यांना ते बळ देवो. उद्या सोळाव्या अध्यायातच पुढे जाऊ.

जय हरी!