मागे राहिलेली मुलं

दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, धारूरच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतायचं नाव नाही. लहान पोरं आईबापाबरोबर फडात जातात, नववी-दहावीतली बहुधा आजीपाशी राहतात. मी याच वर्गांना शिकवतो. मुलांच्या ताणाचा विषय निघाला की मला आधी हीच आठवतात.

दहावीतली मुलगी पहाटे पाणी भरते, भाकरी थापते, आजीच्या गोळ्या बघते, धाकट्याचं आवरते आणि मग वर्गात येते. आईचा फोन आला की सगळं बरं आहे म्हणायचं, कारण रात्री-अपरात्री गाडी भरणाऱ्या आईला आणखी घोर लावायचा नसतो. प्रमेय चुकल्याचं तिला फारसं वाटत नाही. तिच्या पोटात गोळा येतो तो वेगळ्याच भीतीनं: नापास झालो तर पुढच्या हंगामात आपल्याही हाती कोयता येईल, नाहीतर त्याआधीच स्थळ येईल. वयात आलेल्या लेकीला मागे ठेवून कसं जायचं, ही आईबापाचीही खरी धास्ती असते. घाईनं लग्न लावणं मला मुळीच पटत नाही, तरी ती धास्ती खोटी म्हणायला जीभ रेटत नाही.

लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेलं मूलही घुसमटतं. बापानं कर्ज काढून फी भरलेली असेल तर जास्तच. पण पुष्कळ घरं त्याला आणखी एक वर्ष देऊ शकतात. मुलाचं अपयश घराला किती परवडतं, यावर त्याच्या ताणाचं वजन ठरतं, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं.

परीक्षेच्या तोंडावर बोर्ड समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. ते हवंच. पण पुरेशी झोप घ्या, पालकांशी मोकळेपणानं बोला, हा सल्ला पाळायला पालक घरी असावे लागतात. दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा पुष्कळ टोळ्या अजून कारखान्यावरच असतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षापाशी थांबतो, म्हणजे नेमका या मुलांच्या उंबऱ्यावर. दिवाळीपासून शेवटच्या पेपरपर्यंत गावाजवळ मुलींचं वसतिगृह, दोन वेळचं जेवण आणि रात्री मुक्कामाला एक जबाबदार बाई, एवढं आधी व्हायला हवं. समुपदेशन त्यानंतर कामाला येईल.